सीएफसी वापरले उत्तर गोलार्धात, मग ओझोनला भोक दक्षिण ध्रुवावरच का?

कारण तिथले ढग. सीएफसी म्हणजे पूर्वी फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरले जाणारे, क्लोरीन असलेले वायू. वापर कुठेही होवो, हे वायू काही वर्षांत जगभरच्या हवेत मिसळतात आणि त्यांच्यातलं क्लोरीन सगळीकडच्या स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या हवेच्या वरच्या थरात, पोचतं. पण तिथे ते बहुतांशी दोन संयुगांत अडकून असतं: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. दोन्ही ओझोनच्या वाटेला जात नाहीत.

अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारे जोरदार वारे आतली हवा कोंडून ठेवतात. १५ ते २५ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे कण गोठू लागतात. उणे ८५ च्या सुमारास निव्वळ बर्फाचेही ढग बनतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यापुढचं. वायुरूपात एकमेकांशी जवळपास अभिक्रियाच न करणारी ती दोन संयुगं या कणांच्या पृष्ठभागावर मात्र झपाट्याने अभिक्रिया करतात. क्लोरीनचा रेणू हवेत सुटतो, नायट्रिक आम्ल कणातच राहतं.

हे आम्ल अडकणं किरकोळ समजू नका. मोठे कण खाली उतरताना ते सोबत नेतात. ते वरच राहिलं असतं, तर त्यातून तयार होणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडने मोकळ्या क्लोरीनला पुन्हा बांधून टाकलं असतं. ओझोनचा नाश कित्येक आठवडे का थांबत नाही, ते यावरून कळतं.

सप्टेंबरच्या सुमारास ऊन परतलं की क्लोरीनचे रेणू फुटतात. सुटलेला अणू ओझोन मोडतो, त्यातून क्लोरीन मोनॉक्साइड बनतं, त्याचे दोन रेणू जोडले जाऊन उन्हात फुटतात आणि क्लोरीन पुन्हा मोकळं.

ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या नोंदींवरून ओझोनची घट १९८५ मध्ये जाहीर केली. ढगांचं स्पष्टीकरण अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. त्याच वर्षी सॉलोमन मोजमापांसाठी अंटार्क्टिकातल्याच मॅकमर्डो तळावर गेल्या. १९८७ मध्ये चिलीतल्या पुंता अरेनासहून उडालेल्या विमानाला जिथे क्लोरीन मोनॉक्साइड एकदम वाढलेलं दिसलं, तिथेच ओझोन घसरलेला होता. इतका स्वच्छ पुरावा वातावरणाच्या अभ्यासात क्वचितच मिळतो.

उत्तर ध्रुवाकडे डोंगररांगा आणि जमीन-समुद्राच्या रचनेमुळे हवेत मोठ्या लाटा उठतात, वाऱ्यांचं कडं वारंवार विस्कटतं आणि स्थितांबर तुलनेने उबदार राहतं. त्यामुळे असे ढग कमी बनतात आणि कमी टिकतात. २०११ आणि २०२० मध्ये मात्र ती थंडी लांबली, आणि तिथेही ओझोन मोठ्या प्रमाणात घटला.