जांभ्यातून जुनं हवामान कसं वाचायचं?

प्रश्न : बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलंय. खानापूरकडच्या जांभ्यावरून जुन्या हवामानाचा अंदाज कसा बांधायचा? — एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : आधी चिऱ्याच्या खाणीची ताजी कापलेली भिंत गाठा. टेप वरून खाली सोडून प्रत्येक थराची जाडी लिहा: वर कडक तांबडा जांभा, खाली मऊ, पांढुरकी-पिवळी माती, तळाला कुजलेला काळा दगड. तो काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. उष्ण, पावसाळी हवेत त्यातली सिलिका धुऊन जाते, लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, तोच जांभा. म्हणजे जागेवरच तयार झालेला जांभा दिसला, की तिथली जुनी हवा उष्ण, पावसाळी होती असं समजायचं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: वरच्या थरात गोलसर खडे दिसले, तर तो जांभा बहुधा वाहून आलेला. त्यावरून त्या जागेचं हवामान ठरवू नका. आणि नमुन्यावर क्रमांक जागेवरच घाला, घरी नको!