सहा श्वास, मग विश्रांती

प्रिय बाय,

आयसीयूत ड्युटी लागली म्हणून घाबरून फोन केलास, आणि शेवटी विचारलंस की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासाच्या स्नायूंना व्यायाम म्हणजे नेमकं करायचं काय. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते.

आधी ते तीन चेंडूंचं स्पायरोमीटर बाजूला ठेव. कोविडनंतर ते घरोघरी पोचलंय. नातेवाईक हौसेने आणतात, चेंडू वर गेले की सगळ्यांना बरं वाटतं. पण स्नायूला ताकद यावी इतकं ओझं त्यात नसतं. तुला हवा तो स्प्रिंगच्या झडपेचा थ्रेशोल्ड ट्रेनर. आपण लावलेल्या दाबाइतका जोर लागल्याशिवाय त्याची झडप उघडत नाही.

श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, हा श्वासाचा मुख्य स्नायू किती लवकर झिजतो हे मनात पक्कं असू दे. २००८ साली ब्रेनडेड अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले होते. १८ ते ६९ तास त्यांचा श्वास पूर्णपणे मशीनच घेत होतं. तेवढ्यात स्नायूतंतू निम्म्याहून बारीक झाले होते, आणि छातीच्या स्नायूत मात्र तसं काही दिसलं नव्हतं. सगळं अंग आडवं असताना एकटं श्वासपटल इतकं वाळतं.

म्हणून लगेच सगळ्यांना ट्रेनर लावू नकोस. मण्यार चावलेल्याला ही तालीम नको. विषाचा अंमल उतरला की तो आपसूक श्वास घेऊ लागतो. ज्याच्या फुफ्फुसात पाणी साचलंय किंवा ज्याचं हृदय थकलंय, त्याचं मशीन त्या कारणाने सुटत नाही. स्नायू हे कारण आहे का, ते आधी मोज. एका बाजूने उघडणारी झडप लाव, म्हणजे हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही, आणि २० ते २५ सेकंदांत पेशंट किती जोर लावतो ते बघ. हा प्रकार भीतिदायक असतो, त्यामुळे आधी नीट सांग, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुला बघूनच तो मान फिरवेल. जागा, ऐकणारा, नाडी-बीपी स्थिर, मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत आणि पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुफ्फुसात राखतं तो दाब) १५ च्या खाली असा पेशंट निवड. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. थोडे श्वास, पण जड. जिममध्ये वजन उचलणारा दिवसभर वजन डोक्यावर घेऊन हिंडत नाही. आपल्याकडे मात्र पेशंटला मशीनवरून काढून टी-पीसवर (नुसता ऑक्सिजन देणाऱ्या नळीवर) तासन्‌तास धापा टाकायला लावतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. तो व्यायाम नव्हे, दमवणूक. मोजलेल्या जोराच्या साधारण निम्म्यावर दाब लाव. सहा श्वास घ्यायला लाव, मग पुन्हा मशीनवर जोड आणि मिनिटभर दम खाऊ दे. असे पाच सेट, दिवसातून एकदा, पुरे. सहावा श्वास कसाबसा जमला पाहिजे. सहज जमला तर दुसऱ्या दिवशी एक-दोन सेंटिमीटर वाढव (हा दाब पाण्याच्या उंचीच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात). ट्रेनरचा दाब ४१ सेंटिमीटरपर्यंतच जातो, पण तिथवर पोचणारे थोडे.

सुरू करण्याआधी सक्शन करून कफ काढ, डोक्याकडची बाजू चांगली उचल, ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीचा फुगा भरलेला आहे ना ते बघ. फुगा गळका असला तर तू मोजलेले आकडे फुकट. आणि मॉनिटरपेक्षा मान बघ. मानेचे दोन्ही दोर ताणले जाताहेत आणि झडपेतून हवा सुटल्याचा आवाज येतोय, म्हणजे चाललंय. आवाजच नाही तर दाब जास्त आहे, किंवा तो हळू ओढतोय. फोंड्याकडचे एक भजनी बुवा होते. आयुष्यभर श्वास पुरवून पुरवून वापरलेला माणूस, ते हळुवार आत घ्यायचे आणि झडप काही उघडायची नाही. त्यांना झटका मारायला शिकवण्यातच पहिले दिवस गेले. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० टक्क्यांच्या खाली किंवा श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले, तर त्या दिवसापुरतं थांब.

हिंदीतून हुकूम सोडू नकोस. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातली आजी असो की सत्तरी तालुक्यातला पाडेली (नारळ पाडणारा), त्यांच्या कोकणीतच सांग: "नेटान ओडात, आतां सोडात." नळीमुळे त्यांना बोलता येत नाही, तुझा आवाजच त्यांचा ताल धरतो.

याने मशीन नक्की सुटतं का? फ्लोरिडातल्या २०११ च्या अभ्यासात मशीन न सुटणाऱ्या ६९ पेशंटांपैकी असा व्यायाम केलेले ७१ टक्के सुटले, नावापुरता हलका व्यायाम केलेले ४७ टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांचा सूर असाच नाही. ताकद वाढते, एवढं बहुतेक ठिकाणी दिसतं. दिवस किती वाचतात यावर एकमत नाही. व्हेंटिलेटरचा ट्रिगरच (पेशंटने किती ओढलं की मशीन श्वास देतं ती मर्यादा) कडक करून व्यायाम द्यायची युक्ती कोणी सुचवेल, तर भरीला पडू नकोस. जोर फक्त श्वासाच्या सुरुवातीला लागतो, आणि तपासून पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही.

वाळपईहून पहाटेची कदंब बस पकडून आलेला पेशंटचा मुलगा दाराशी विचारेल, "मशीन केन्ना काडटले?" म्हणजे मशीन कधी काढणार. तारीख देऊ नकोस. काल किती सेंटिमीटर होते आणि आज किती, ते सांग. त्याला कळतं, आणि घरी फोन करून सांगायला काहीतरी मिळतं.

मशीन सुटलं की बरेचजण ट्रेनर कपाटात टाकतात. तू पुढे दोन आठवडे चालू ठेव. वॉर्डात गेल्यावरही तो स्नायू अजून अशक्तच असतो. एकाचा ट्रेनर दुसऱ्याला लावायचा नाही, आणि रोजचा दाब फाइलमध्ये लिहायचा, नाहीतर तुझ्या सुट्टीच्या दिवशी येणारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

पहिल्या पेशंटचं मोजून झालं की आकडे पाठव. किती दाबावर सुरू करायचं ते मिळून ठरवू.

तुझी,
मॅडम