गेम लई भारी, बग त्याहून भारी: वाचकांची प्रश्नोत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांमधे अर्ध्याहून जास्त पत्रं ऑनलाइन शूटर गेमवरच आहेत. साहजिकच आहे म्हणा, सुट्ट्या लागल्यात, दुपारी सोलापुरात बाहेर पाय ठेवायची सोय नाही, मग पोरं पंख्याखाली बसून हेडशॉट मारणार नाहीतर काय करणार. त्यातली चार पत्रं घेतलीत, पहिलं जरा लांब आहे पण तेच महत्त्वाचं आहे.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकात गेमचे रिव्ह्यू लिहितो. सध्या आम्ही पाच जण एक नवीन शूटर खेळायलोय, पाच विरुद्ध पाच, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर अर्ली ॲक्सेसमधे आलाय, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विकायला. बंदुकांचा फील एक नंबर, मॅप डोकं लावून बनवलेत, एक राउंड हरला की लगेच दुसरा खेळावासा वाटतो. पण बग इतके की विचारू नका. मेलेला माणूस हात पसरून हवेत उभा राहतो, कधी आपणच जमिनीखाली स्पॉन होतो म्हणजे उगवतो, रिलोड केलं तरी गोळी सुटत नाही, मागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज मधेच गायब होतो, भिंतीमागं गेलो तरी मरतोय, आणि मॅचमधे गेम क्रॅश झाला तर परत आत घेत नाही, वर रँक कापतात. मित्र म्हणतात, काय बे, रोज रात्री दोन वाजेपर्यंत खेळतोस आणि रिव्ह्यूत शिव्या घालणार? मला पाच स्टार द्यावेसे वाटत नाहीत आणि दोन पण नाहीत. काय लिहू?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: गेमचं नाव तू लिहिलंयस, मी छापत नाही, पण मी पण तो खेळलोय आणि जमिनीखाली स्पॉन होऊन वर चाललेल्या लोकांचे बूट बघत बसलोय, त्यामुळे तुझं दुखणं समजतं.

बग किती आहेत हे मोजत बसू नकोस. एकट्यानं खेळायच्या गेममधे बग आला तर त्रास तुझा एकट्याचा, सेव्ह लोड कर आणि पुढं चल. इथं समोर माणूस आहे. म्हणून प्रत्येक बगला एकच विचारायचं, याचा फायदा कुणाला झाला? कुणालाच नाही, तर हसून सोडून दे. एकाला झाला आणि दुसरा त्यापायी मेला, तर तो बग छोटा दिसला तरी मोठा धर.

आता तुझीच यादी घे. हात पसरून उभं राहिलेलं मढं म्हणजे टी-पोझ, कॅरेक्टरचा मूळ साचा असतो तो, ॲनिमेशन लागलं नाही की तो उघडा पडतो. त्यानं कुणाची मॅच जात नाही, उलट स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायला बरं. एका वाक्यात उरक. जमिनीखाली स्पॉन होणं त्याच्या वरचं, कारण पाचाच्या जागी चार जण लढतात. रिलोडचा जो प्रकार आहे ना, तो बहुतेक डीसिंक असणार, म्हणजे तुझ्या पीसीला वाटतंय मॅगझिन भरलं आणि सर्व्हरच्या वहीत अजून रिकामंच आहे, आणि असल्या गेममधे शब्द सर्व्हरचाच चालतो.

पण माझ्या मते तुझ्या यादीतला सगळ्यात वाईट बग पावलांच्या आवाजाचा आहे आणि त्यावर निम्मा रिव्ह्यू गेला तरी चालेल. असले शूटर डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त खेळले जातात, कोण कुठून येतोय, पळतोय का दबकत येतोय, जिन्यावर आहे का पत्र्यावर, हे सगळं हेडफोनमधून कळतं आणि त्यावरच डाव ठरतो. तो आवाजच गेला तर चांगलं खेळणाऱ्याचं चांगलेपण काढून घेतल्यासारखं आहे. आणि हा स्क्रीनशॉटमधे दिसत नाही म्हणून लोक याच्याबद्दल फारसं बोलत पण नाहीत.

भिंतीमागं मरण्याचं मात्र जरा थांबून बघ, तो कदाचित बग नसेलच. तू भिंतीमागं गेलास ही बातमी सर्व्हरमार्गे समोरच्याकडं पोचायला वेळ लागतो. त्याच्या स्क्रीनवर तू अजून बाहेरच आहेस, त्यानं गोळी मारली, मग सर्व्हर काळ थोडा मागं नेऊन बघतो की मारणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं, आणि लागली असेल तर लागली म्हणतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात, व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ गेमच्या काळापासून चालत आलेली युक्ती आहे. ती काढून टाकली तर प्रत्येकाला पिंगच्या (बातमी सर्व्हरला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) हिशोबानं माणसाच्या पुढं नेम धरावा लागेल. शिवाय सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो त्यावर पण आहे. व्हॅलोरंट या शूटरचे सर्व्हर 128 वेळा करतात म्हणजे दर 7.8 मिलिसेकंदाला एकदा, जुन्या सीएस-गोमधे (काउंटर-स्ट्राइकमधे) व्हॉल्व्हचे स्वतःचे सर्व्हर 64 वेळा करायचे. तर अर्धं पाऊल आत गेल्यावर मेलास तर लिहू नकोस, पण चांगलं आत जाऊन, बसून, पाणी पिऊन मेलास तर जरूर लिही, आणि सोबत तुझा पिंग किती होता ते पण लिही.

क्रॅश झाल्यावर रँक कापणं हा बग नाहीच. तो कुणीतरी मीटिंगमधे बसून घेतलेला निर्णय आहे. गेम अर्धवट असताना परत आत यायची सोय न देता शिक्षा मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवायची, याला माझ्याकडं माफी नाही. इथं शिव्या घाल, हव्या तेवढ्या (भित्तिपत्रकात चालतील अशा).

आता स्टारचं. असल्या गेमचा रिव्ह्यू दुधाच्या पिशवीसारखा असतो, वर तारीख पाहिजेच. बॅटलफील्ड 4 घे, ऑक्टोबर 2013 मधे आला तेव्हा इतका क्रॅश व्हायचा की डिसेंबरमधे तो बनवणाऱ्या डाइसनं जाहीर केलं, हा दुरुस्त होईपर्यंत पुढची कामं बंद. पुढं तोच गेम लोकांनी वर्षानुवर्षं खेळला, म्हणजे 2013 ला एक स्टार देणारा पण बरोबर आणि दोन वर्षांनी चार देणारा पण बरोबर. रेनबो सिक्स सीजवाल्यांनी तर 2017 मधे नवीन सीझनचा माल मागं ढकलून ऑपरेशन हेल्थ नावाखाली फक्त दुरुस्तीच काढली. पब्जीचं उलटं, जानेवारी 2018 मधे स्टीमवर एका वेळी 32 लाखांवर लोक खेळत होते तरी बग आणि चीटर हटेनात, शेवटी त्याच वर्षी कंपनीलाच फिक्स पब्जी म्हणून मोहीम काढावी लागली. गर्दी आहे म्हणजे गेम धड आहे असं नसतं.

म्हणून वर चार ओळी टाक, व्हर्जन कुठलं, तारीख काय, पीसी कसला, नेट वायरचं का वायफाय. मग मागच्या दोनतीन अपडेटच्या पॅच नोट वाच, म्हणजे काय बदललं त्याची यादी. त्यात तुझ्या यादीतलं काही दुरुस्त झालंय का फक्त नवीन स्किन (बंदुकांचे, कपड्यांचे रंग) आल्यात? बनवणारे कुठल्या दिशेनं चाललेत ते तिथं कळतं, मुलाखतीत नाही.

आणि एक करून बघ, मित्रांना न सांगता एकटा जाऊन अनोळखी लोकांबरोबर आठवडाभर खेळ. पाच दोस्त हेडफोन लावून बसले की कॅरम पण ई-स्पोर्ट वाटतो, त्यातली मजा गेमची किती आणि तुमच्या टवाळीची किती हे वेगळं काढल्याशिवाय रिव्ह्यू लिहायचा नसतो. एकट्यानं पण रात्रीचे दोन वाजले तर गेममधे खरंच दम आहे असं समज.

मी असतो तर आजच्या तारखेला तीन दिले असते. साध्या मॅचसाठी चार, रँक्डसाठी (जिथं रँक वरखाली होतो त्या मॅचसाठी) दोन, असं फोडून लिहिलंस तर अजून बरं, कारण साध्या मॅचमधे उडणारी मढी चालतात, रँक्डमधे न वाजणारी पावलं चालत नाहीत. दोन महिन्यांनी परत खेळून खाली नवीन तारीख टाकून दोन ओळी वाढव. मित्रांना म्हणावं, आवडला म्हणूनच एवढं लिहिलंय, नाहीतर अनइन्स्टॉल करायला क्लिक किती लागतात.

प्रश्न: माझा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. गेममधे जिंकला की मी भारी खेळलो आणि हरला की लॅग आला, गेममधेच बग आहे, असं रोजचं चालू आहे. हे खरं असतं का? आणि आता तसलाच दुसरा गेम विकत घेऊन द्या म्हणतोय, दीड हजाराचा. देऊ का?
एक आई, अशोक चौक

उत्तर: ताई, अर्ध्या वेळा खरं असतं, बाकी अर्ध्या वेळा आपण सगळे जसं बॅट जड होती म्हणतो तसं. ओळखायला सोपं आहे. गेममधे कोपऱ्यात पिंग दाखवायची सेटिंग असते, ती चालू करायला लावा. सोलापूरहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला प्रकाशाला काचेच्या तारेतून जेमतेम 4 मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात वळणं, राउटर, कंपनीचे एक्स्चेंज धरून काही पटीनं वाढतं पण तरी खेळता येतं. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनच सरळ रेषेत 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन 40 तर कुठं गेले नाहीत, त्याखाली कुणीच आणू शकत नाही. आकडा स्थिर असेल, मग तो 70 का असेना, तर सवय होते. एकदम 30 वरून 300 वर उडत असेल तर पोरगं खरं बोलतंय, पण दोष बहुतेक गेमचा नाही, घरातल्या वायफायचा. राउटर हॉलमधे, पोरगं आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि त्याच वेळी टीव्हीवर सिरियल चालू, मग काय होणार. एक लांब लॅन वायर आणून द्या, स्वस्तात काम होतं. त्यानंतर पण रोज हरला तर मग तुम्हाला कळलंच.

विकत घेण्याचं म्हणाल तर स्टीमवर घ्या, कारण तिथं खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळणं 2 तासांपेक्षा कमी झालं असेल तर पैसे परत मागता येतात. फक्त ते दोन तास ट्रेनिंग आणि सेटिंगमधे घालवू देऊ नका, संध्याकाळी गर्दीच्या वेळी थेट ऑनलाइन मॅच खेळायला लावा, बग तेव्हाच वर येतात. घ्यायच्या आधी रिव्ह्यू बघताना एकूण आकडा नको, अलीकडचे म्हणून मागच्या 30 दिवसांचे वेगळे दिसतात ते बघा.

आणि हे पण डोक्यात असू द्या की फक्त ऑनलाइन चालणारा गेम कंपनीनं सर्व्हर बंद केला की संपला. सोनीचा कॉन्कॉर्ड नावाचा शूटर 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद पण झाला, तिथं पैसे परत दिले त्यांनी, प्रत्येक जण देईलच असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर दीड हजार लगेच दिले नसते, आधी महिनाभर फुकटातला एखादा खेळ म्हटलं असतं.

प्रश्न: माझं छोटं गेमिंग कॅफे आहे. एक शूटर सारखा क्रॅश होतो आणि पोरं तासाचे पैसे परत मागतात. गेमचा दोष आहे, मी का द्यायचे?
कॅफेवाला, सात रस्ता

उत्तर: मालक, आधी बघा तो एकाच मशिनवर होतो का सगळ्यांवर. सगळ्यांवर त्याच मॅपवर होत असेल तर गेमचा दोष, पैसे नका देऊ पण गेलेली मिनिटं वाढवून द्या, गिऱ्हाईक टिकतं. ठराविक दोन मशिनवर होत असेल तर गेमच्या नावानं बोंब मारू नका. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, त्यात खोली बंद, ग्राफिक कार्ड तापलं की आधी फ्रेम पडतात मग मशीन मान टाकतं. पंखे उघडून बघा. आजूबाजूला यंत्रमाग असतील तर सुताची धूळ आत बसून नमदा झालेला असतो, फुंकून निघत नाही, ब्लोअर लागतो.

अपडेट आल्यावर पहिल्या मॅचमधे गेम अडखळतो ते बऱ्याचदा शेडर, म्हणजे ग्राफिक कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम, नव्यानं तयार होत असतात म्हणून. सकाळी कॅफे उघडल्यावर प्रत्येक मशिनवर एकदा गेम चालू करून मेन मेन्यूत दहा-पंधरा मिनिटं तसाच सोडून द्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशांवर ते काम होणार नाही.

प्रश्न: एका मॅपवर डब्यावर उडी मारून भिंतीच्या आत घुसता येतं, तिथून आपण दिसत नाही पण आपल्याला सगळे दिसतात. गेमनंच दिलंय म्हटल्यावर वापरलं तर चीटिंग का?
नाव छापू नका, होटगी रोड

उत्तर: नाव छापत नाही, पण होटगी रोडवाले आता एकमेकांकडं संशयानं बघणार.

हा वाद मोठ्या लोकांचा पण झालाय. ड्रीमहॅक विंटर 2014 मधे काउंटर-स्ट्राइकच्या क्वार्टर फायनलला फनॅटिक टीमच्या खेळाडूंनी ओव्हरपास मॅपवर एकमेकांच्या डोक्यावर चढून अशी जागा गाठली की तिथून मॅपचा बराच भाग दिसायचा. पाय जिथं टेकवला होता तिथं उभं राहायची जागाच नव्हती, मॅपमधली चूक होती. तक्रार झाली, मॅप परत खेळायचा ठरला, फनॅटिकनं माघार घेतली आणि समोरची एलडीएलसी पुढं जाऊन टूर्नामेंट जिंकली. 2020 मधे तर त्याहून वाईट, प्रेक्षक कॅमेऱ्याच्या बगमधून समोरच्या टीमला बघत बसलेल्या 37 कोचवर बंदी आली. त्यांनी कुठलं हॅक टाकलं नव्हतं, गेमनंच दिलं होतं, तुझ्याच भाषेत.

तर हो, चीटिंगच. मित्रांबरोबर प्रायव्हेट लॉबीत जाऊन भिंतीत घुसायचं तेवढं घुस, तिथं कुणाचं काही जात नाही. रँक्डमधे केलंस आणि कुणी रिपोर्ट मारला तर अकाउंट जाऊ शकतं. त्यापेक्षा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढ, मॅपचं नाव, डबा कुठला, उडी कुठून मारली हे लिहून गेमच्या बग रिपोर्टमधे टाक. आणि पॅच येईपर्यंत तो यूट्यूबवर चढवू नकोस, नाहीतर उद्या सगळं सोलापूर त्या भिंतीत बसलेलं असेल.