डोंगर आणि गुरं हुबेहूब रंगवणं ही कला की नुसती नक्कल? आणि तसं चित्र जमायला काय शिकावं?

तुम्ही इटालियन चित्रकार सेगान्तिनीच्या 'आला स्तांगा' या चित्राचं उदाहरण देऊन विचारलंय की गायींची रांग आणि मागे डोंगर, यात फोटोपेक्षा जास्त काय आहे. हेच वाक्य मी कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला ऐकलंय, म्हणून लिहितो.

मी अकोले तालुक्यातला. घरी डांगी गुरं. काळी-पांढरी, कातडी तेलकट, कितीही पाऊस पडला तरी अंगावर ठरत नाही. सुट्टीत कळसूबाईची रांग मागे घेऊन आमची गाय रंगवली, बसलेली उठतानाची. महिनाभर खपलो. परत गेल्यावर सरांनी लांबूनच बघून सांगितलं, "कॅलेंडर आहे. एवढं हुबेहूब हवंय तर कॅमेरा घे." वर्ग हसला.

चित्र गुंडाळून घरी आणलं. वडिलांनी ओसरीवर उलगडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही गाय उठतीय का घोडी?"

मी पुढचे पाय आधी ताठ केले होते आणि मागचं धड जमिनीवर ठेवलं होतं. तसा घोडा उठतो. गाय आधी मागचं धड उचलते, तेव्हा पुढचे गुडघे टेकलेलेच असतात, आणि मग एकेक पाय सरळ करते. जन्मभर दावणीपाशी वाढलेल्या मला हे दिसलं नव्हतं, आणि 'हुबेहूब' म्हणून नाक मुरडणाऱ्या सरांनाही नाही! ज्यांनी गाय कधी पाहिलीच नाही त्यांनाच अशी चित्रं फोटोसारखी वाटतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेगान्तिनीने ते चित्र 1886 मध्ये लोंबार्दीतल्या काल्यो गावी उघड्यावर रंगवलं. कॅनव्हास जवळपास चार मीटर लांब. गुरं आडव्या वाशाला बांधलेली, संध्याकाळचा तिरपा उजेड त्यांच्या पाठींवरून सरकतोय. आमच्याकडे धारेच्या वेळी असाच उजेड पडतो आणि जेमतेम दहा मिनिटं टिकतो. चार मीटर कॅनव्हास तेवढ्यात रंगवून होत नाही, म्हणजे तो उजेड त्याने रोज बघून बघून डोक्यात साठवला असणार. त्याला कुणी नक्कल म्हणत असेल तर म्हणो बापडे.

शिकायचं काय, तर आधी गोठ्यात बसा. शेण काढा, धार काढा. हाडांचा अभ्यास, रंगांचा थर वगैरे नंतर कुठेही शिकता येतं. क्लास लावू नका, निदान जिथे पहिल्याच दिवशी 'स्वतःची शैली' विचारतात तिथे तर नाहीच.

आता खरं सांगायचं तर सेगान्तिनीसुद्धा पुढे साध्या वास्तववादावर थांबला नाही. शुद्ध रंगांचे बारीक फटकारे शेजारी शेजारी ठेवून तो आल्प्स रंगवू लागला, प्रतीकांकडे वळला, आणि 1899 मध्ये डोंगरावर चित्र रंगवत असतानाच आजारी पडून एकेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यामुळे अमूर्त चित्रकारांवर माझा राग नाही. कॅमेऱ्यावरही नाही, मी स्वतः फोटो काढून ठेवतो.

ते चित्र गावच्या घरी ओसरीवर टांगलंय. पाय मी दुरुस्त करणार होतो, पण वडील हात लावू देत नाहीत. आल्यागेल्याला आधी तोच पाय दाखवतात.