कळलावीचा कंद वडिलांना देण्यापूर्वी

वडिलांच्या सुजलेल्या अंगठ्यासाठी रामटेककडच्या टेकड्यांतून आणलेला कळलावी या रानवेलीचा कंद उगाळून लावावा की उकळून पोटात द्यावा, असे आपण विचारले आहे. मी वैद्य नाही. परंतु हाच प्रश्न आमच्या नागपूरच्या घरात काकांच्या वातरक्तामुळे (गाउट, म्हणजे यूरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा विकार) पडला होता आणि आम्ही काढा केला, म्हणून लिहितो.

पोटात मुळीच देऊ नये. गुण येतो ही समजूत निराधार नाही, कारण या कंदात कोल्चिसिन असते आणि त्याच द्रव्याची ०.५ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टर याच दुखण्यावर देतात. मात्र एका फोडीत ते किती आहे हे घरी कळत नाही आणि उकळल्याने ते जात नाही. आयुर्वेदाने लांगलीला, म्हणजे याच कळलावीला, उपविषांत घालून गोमूत्रात शोधन (विषारीपणा कमी करण्याची शुद्धी) सांगितले, ते उगाच नव्हे. अडलेल्या बाळंतिणीच्या नाभीवर आणि तळपायांवर हिचा लेप लावीत, कळा आणणारी म्हणून ती कळलावी. गर्भिणीने तर तिच्या वाटेलाही जाऊ नये.

काकांनी सकाळी काढा घेतला आणि दुपारी उलट्या-जुलाब सुरू झाले. मी घाबरून उरलेला कंद कचरागाडीत टाकला आणि दवाखान्यात 'रताळ्यासारखे काहीतरी' एवढेच सांगितले. ही माझी सर्वांत महाग चूक. तेथेही कोणी खोदून विचारले नाही. अन्नविषबाधा ठरवून सलाइन लावले आणि उलट्या थांबताच घरी धाडले. याचा राग अजून आहे. चार दिवसांनी ताप चढला, पांढऱ्या पेशी कोसळल्या, आणि दुसऱ्या रुग्णालयात फुलाचे वर्णन विचारले तेव्हा कुठे उलगडा झाला: मागे वळलेल्या सहा नागमोडी पाकळ्या, खाली पिवळ्या, वर लाल. पुढच्या आठवड्यात काकांच्या उशीवर केसांचे पुंजकेच्या पुंजके निघू लागले. ते वाचले, पण दीड महिना गेला.

कोणी चुकून खाल्लाच, तर कंदाचा तुकडा आणि टोकाला तणाव्यासारखे वळलेले पान सोबत न्यावे, आणि पोट शांत झाले तरी रक्त पुन्हा तपासून घेतल्याशिवाय घरी येऊ नये. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला डॉक्टरांना फोनवर मिळतो. लेपाविषयी मतभेद असतील. माझ्या मते जाणत्या वैद्याच्या देखरेखीवाचून तोही नको, जखमेवर तर नकोच. अंगठ्यासाठी आधी यूरिक ॲसिड तपासा.

आणि तो कंद आजच स्वयंपाकघरातून हलवा. आमच्याकडे तो रताळ्यांच्याच टोपलीत होता.