निळ्या पेशी नंतर बघा, आधी पेशी कुणाच्या ते बघा

जठराच्या कर्करोगाच्या म्हणून वापरलेल्या एसजीसी-७९०१ पेशींमध्ये एसआयआरएनए (जीन तात्पुरता दाबणारा छोटा आरएनए) देऊन जीन बंद केलात, बीटा-गॅल या पेशींचं म्हातारपण दाखवणाऱ्या रंगचाचणीत निळ्या पेशी वाढल्या, ट्रान्सवेलमधून (सच्छिद्र पडद्याचा कप) खाली उतरणाऱ्या कमी झाल्या, म्हणून 'जीन बंद केला की पेशी म्हाताऱ्या होतात आणि प्रसार थांबतो' असं लिहिलंत, तरी रिव्ह्यूअर 'पुरावा अपुरा' म्हणतोय. माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. नॉकडाउन, म्हणजे जीन दबल्याचं, प्रोटीनपर्यंत तपासलंय हे धरून चालते.

सगळ्यात आधी एसटीआर प्रोफाइल (पेशी कुणाच्या ते सांगणारी डीएनएची ओळखपरेड) करून घ्या. एसजीसी-७९०१ आणि बीजीसी-८२३ जठराच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या, पण त्या नावाने फिरणाऱ्या पेशी हेला निघाल्या आहेत. हेला म्हणजे १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशी. प्रश्न फक्त अवयव चुकल्याचा नाही. पी-५३ आणि आरबी ही पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारी प्रोटीनं. हेलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई-६ प्रोटीन पी-५३ ला संपवतं आणि ई-७ आरबीला निकामी करतं. म्हणजे सेनेसन्सचे (पेशी म्हातारी होऊन विभाजन कायमचं थांबण्याचे) दोन्ही मुख्य रस्ते विषाणूने अडवलेले. ई-६ आणि ई-७ बंद केले की या पेशी खरोखरच म्हाताऱ्या होतात. तुमच्या जीनमुळे विषाणूचे हे जीन जरी दबले, तरी प्लेट निळी होईल, आणि त्याचा जठराशी काडीचा संबंध नसेल.

मला ज्या विभागाने पेशी दिल्या, त्यांच्याकडे मी प्रोफाइल मागितला. 'ट्यूबवर नाव आहे, पॅसेज नंबर आहे, आणखी काय हवं?' हे उत्तर. लेखी अर्ज केला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी बाहेरून तपासणी केली. हेला! थिसिसचं एक आख्खं प्रकरण बाद झालं आणि त्या विभागाने साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. पेशी वाटणाऱ्यांनी प्रोफाइल सोबत द्यायलाच हवा, या मतावर मी आजही ठाम आहे.

पुन्हा करणार असाल तर एजीएस किंवा एमकेएन-४५ या जठराच्या कर्करोगाच्या पेशी घ्या, दोन्हींत पी-५३ शाबूत आहे. काटो-३ या तशाच पेशींमध्ये तो जीनच गळालेला आहे, तिथे पी-२१ चे (पी-५३ च्या हुकमाने विभाजन रोखणाऱ्या प्रोटीनचे) निकाल वेगळे येऊ शकतात. बीटा-गॅल एकट्यावर विसंबू नका. दाटी झालेल्या आणि सीरम तोडलेल्या पेशीही निळ्या होतात. पी-२१, पी-१६ (विभाजन रोखणारं आणखी एक प्रोटीन), लॅमिन-बी-१ या केंद्रकाच्या आवरणातल्या प्रोटीनची घट आणि ईडीयू (पेशी नवा डीएनए बनवतेय का ते दाखवणारी चाचणी) सोबत द्या. एसआयआरएनएचा असर काही दिवसांत ओसरतो आणि सेनेसन्स मुरायलाही दिवस लागतात, म्हणून दोन वेगवेगळे एसएचआरएनए (जीन दीर्घकाळ दाबून ठेवणारे) वापरा आणि रेस्क्यू, म्हणजे जीन परत घालून परिणाम उलटतो का ते पाहणं, कराच.

विभाजन थांबलं की ट्रान्सवेलचा आकडा आपोआप पडतो, त्याला लगेच 'प्रसार रोखला' म्हणू नका. वेळ कमी ठेवा. जखम भरण्याच्या चाचणीत (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती भरतो ते बघतात) विभाजन थांबवायला मायटोमायसिन-सी हे औषध वापरायचा सल्ला कुणीतरी देईलच. ते डीएनएला इजा करून स्वतःच सेनेसन्स आणतं, तुमच्या प्रयोगात ते नकोच. आणि म्हाताऱ्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आयएल-६, आयएल-८ ही संदेश देणारी प्रोटीनं सोडतात, त्याने शेजारच्या पेशी उलट जास्त पसरू शकतात. म्हाताऱ्या पेशींचं मीडियम (त्या ज्यात वाढल्या तो द्रव) साध्या पेशींवर घालून ट्रान्सवेल लावा. माझ्या मते रिव्ह्यूअरला हेच हवंय, अर्थात त्यांचं पूर्ण पत्र मी पाहिलेलं नाही.

रुग्णाचे नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: हे सगळं प्लेटमधलं आहे, यातून उपचाराचा निर्णय घेऊ नका.