गाडीची प्रश्नपेटी: अलॉयला चिकटलेली ब्रेकची धूळ

प्रश्न : गाडी पाच वर्षांची आहे. पुढच्या दोन्ही अलॉय (ॲल्युमिनियमच्या) चाकांवर तपकिरी-नारिंगी ठिपके बसलेत. शाम्पू झाला, भांड्यांचा साबण झाला, बेकिंग सोडा झाला. ठिपके जिथल्या तिथे. आता तारेची घासणी लावू का? (पुणे)

उत्तर : घासणी स्वयंपाकघरातच राहू द्या. हे ठिपके म्हणजे मळ नाही, लोखंड आहे. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतो आणि दोन्ही झिजतात. त्यातला तापलेला बारीक चुरा चाकावर उडतो, वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुततो आणि पाणी लागलं की तिथेच गंजतो. साबणाने तेलकटपणा सुटतो, गंज सुटत नाही. जोर लावून घासलंत तर ठिपक्याच्या आधी लॅकर जाईल आणि उघड्या ॲल्युमिनियमवर धूळ आणखी घट्ट बसेल.

इथे लोखंड विरघळवणारं रसायन हवं. कार ॲक्सेसरीजच्या दुकानात ते ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मिळतं. बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेलं पाहूनच घ्या. गाडी सावलीत लावा आणि डिस्क पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या धातूवर रसायन लगेच वाळतं आणि डाग सोडतं. एका वेळी एकच चाक घ्या. कोरडी धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ती नाकातोंडात जाते. आधी जोराच्या पाण्याने धुवा. मग दहा लिटर पाण्यात २० ते ३० मिली कार शाम्पू घालून मऊ ब्रशने आऱ्या, त्यांच्या पाठी आणि चाकाची आतली बाजू घासा. नटांच्या खोबणीत एक इंची रंगाचा ब्रश छान शिरतो. ही बादली आणि ब्रश बॉडीला वापरू नका, लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात.

पाणी निथळलं की रिमूव्हर फवारा. चाक ओलंचिंब असेल तर रसायन पातळ होऊन निम्मं वाया जातं. एका चाकाला एका वेळी साधारण ६० मिली पुरतं, म्हणजे चारही चाकांना दोनदा मारायला अर्ध्या लिटरची बाटली लागते. तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ दिसू लागतील. बाटलीतलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं त्याचा तो रंग. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या जागीच काम करा. पाच मिनिटांच्या आत, वाळायच्या आधी, ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि नटांच्या खाचांत रसायन राहता कामा नये.

दुसऱ्या खेपेनंतरही ठिपका काळाच राहिला आणि जांभळा झालाच नाही, तर तो बहुधा डांबराचा. फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि साबणाने धुवा. रॉकेल डिस्कवर जाऊ देऊ नका. हाताला तरीही खरखरीत लागत असेल तर शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हाताने फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्यात चिकटलेली वाळू लॅकर ओरबाडते.

प्रश्न : गाडी धुणाऱ्याने कुठलं तरी ‘ॲसिड’ मारलं. चाकं आधी चकाचक झाली, पण आता चकचकीत भागाच्या कडांना पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत आहेत. पॉलिशने जातील का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. तुमची चाकं डायमंड कट दिसतात. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कापून उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त लॅकर दिलेलं असतं. आम्लाने किंवा उडालेल्या खड्याने ते फाटलं की पाणी आत शिरतं आणि गंज लॅकरच्या खालून सरकत जातो. पॉलिश वरून चालतं, रोग खाली आहे. उपाय एकच : जुनं लॅकर काढून चाक पुन्हा लेथवर कापणं आणि नवं लॅकर देणं. दर वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही. खर्च करायचाच असेल तर पूर्ण चाक एकाच रंगात पावडर कोट (भट्टीत भाजून पक्का केलेला भुकटीचा रंग) करून घ्यावं असं आम्हाला वाटतं. ते जास्त टिकतं.

संडास साफ करायचं ॲसिड चाकाला कधीच लावू नये. कॉस्टिक सोडाही तितकाच वाईट, कारण ॲल्युमिनियमला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात. चाकं धुवायला देताना बाटलीचं लेबल मागा. दाखवलं नाही तर ‘फक्त शाम्पू मारा’ म्हणून सांगा.

प्रश्न : पुढची चाकं काळी, मागची स्वच्छ. काही बिघाड आहे का? (मडगाव)

उत्तर : नाही. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची धूळ ड्रममध्येच राहते.

प्रश्न : फक्त पुढचं डावं चाक दोन दिवसांत काळंकुट्ट होतं. (नागपूर)

उत्तर : हा प्रश्न धुण्याचा नाही, मेकॅनिककडे नेण्याचा आहे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना कोरड्या पडल्या किंवा पिस्टन अडकला, की पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. दहा-पंधरा मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा आणि रिमजवळ हात धरून दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. डावीकडे जास्त धग असेल तर कॅलिपर उघडून घ्या. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ निघाला तर बहुतेक पिनाच दोषी. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायला सांगा, साध्या ग्रीसने पिनांवरची रबरी आवरणं (बूट) फुगतात. पॅडचं अस्तर ३ मिमीपर्यंत आलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदला.

प्रश्न : धूळ चिकटूच नये यासाठी काही? (ठाणे)

उत्तर : चाक नीट साफ आणि कोरडं झालं की व्हील सीलंटचा (चाकावर संरक्षक थर देणाऱ्या द्रवाचा) पातळ हात द्या, दर तीन-चार महिन्यांनी. मग पंधरा दिवसांतून एकदा नुसता शाम्पू पुरतो. सिरॅमिक पॅडने धूळ कमी आणि फिकट पडते, पण ते तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलेच घ्या. चाकाच्या आत बसवायच्या धूळरोधक पत्र्यांच्या फंदात पडू नका, त्यांनी ब्रेकला मिळणारी हवा अडते. आणि गाडी धुतल्यावर डिस्कवर नारिंगी थर दिसला तर घाबरू नका. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबलात की तो निघून जातो आणि पॅडही कोरडे होतात.